रशियन लोककथांचं चित्रपुस्तक: चित्रं धीट, शब्द थोडे भित्रे

आधीच सांगते, पुस्तकाचं आणि प्रकाशकाचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण बाइंडिंगबद्दल आणि एका गोष्टीच्या शेवटाबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी त्यांना वेगळं पत्र लिहून कळवली आहे. ज्यांना घ्यायचंय त्यांनी मला विचारा, लगेच सांगते, कारण एवढं सगळं असूनही हे पुस्तक घरात असावं असंच माझं मत आहे.

तर रशियन लोककथांवर बेतलेलं, मोठ्या आकाराचं, पुठ्ठा बांधणीचं, ६४ पानांचं मराठी चित्रपुस्तक. किंमत ४५० रुपये. आत पाच गोष्टी आहेत, वासिलिसा आणि बाबा यागा नावाची चेटकीण, एमेल्या आणि त्याचा मासा, सलगमाची गोष्ट, कोलोबोक, आणि बेडूक राजकन्या. आमच्याकडे वेंगुर्ला तालुक्यात आषाढात पाऊस एकदा लागला की मुलं घराबाहेर पडू शकत नाहीत, लाईट जाऊन येऊन असते, तेव्हा शनिवारी दुपारी आमच्या पडवीत मी वाडीतल्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते. पाच वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतची सात-आठ मुलं असतात, माझी भाची त्यात सात वर्षांची. हे पुस्तक मी सलग चार शनिवार वाचलं, म्हणजे एकदा चाळून लिहिलेलं मत नाहीये हे.

मला रशियन गोष्टींचं वेड लहानपणापासून. माझे वडील मुंबईला नोकरीला होते, आणि गणपतीला गावी येताना त्यांच्या ट्रंकेत खाऊबरोबर मॉस्कोची मराठी पुस्तकं असायची, प्रगती प्रकाशनाची, नंतर रादुगाची. मुंबईत लोकवाङ्मय गृहात ती मिळायची आणि इतकी स्वस्त की चाकरमान्याला परवडायची. १९९१ ला सोव्हिएत संघ संपला आणि ती पुस्तकं यायची बंदच झाली. त्यामुळे आता कुणीतरी नव्याने मराठीत असं पुस्तक काढतंय हे कळल्यावर मी अजिबात विचार न करता मागवलं.

पहिल्यांदा चित्रांबद्दल, कारण या पुस्तकाचा जीव चित्रांत आहे. प्रत्येक पानाला नक्षीची चौकट आहे, त्यात बोरं, मशरूम, घुबडं, देवदाराच्या फांद्या, आणि मधल्या चित्राला जाड काळी रेघ आणि आत सपाट रंग. ही पद्धत रशियन चित्रकार इवान बिलिबिनची. १८७६ सालचा जन्म त्याचा, आणि १८९९ पासून पुढची काही वर्षं त्याने लोककथांच्या पातळ पुस्तकांसाठी जी चित्रं काढली त्यावरून आज आपण बाबा यागा किंवा अग्निपक्षी म्हटलं की काय डोळ्यांसमोर आणायचं ते ठरलं म्हणायला हरकत नाही. नंतर तो उत्तरेकडच्या वोलोग्दा, अर्खांगेल्स्क भागात फिरला, तिथली लाकडी घरं, भरतकाम, जुने कपडे बघत आणि टिपून घेत. १९४२ ला लेनिनग्राडच्या वेढ्यात तो वारला. आपल्या या चित्रकाराने बिलिबिनची नक्कल केलेली नाही, चौकट त्याची घेतली आणि आतली माणसं स्वतःची काढली. म्हाताऱ्यांचे हात बघा, बोटांची पेरं सुजलेली, नखांत माती. असे हात आमच्या वाडीत लावणीच्या दिवसांत घरोघरी दिसतात.

बर्फ काढताना त्याने कागद तसाच पांढरा सोडलाय आणि सावल्या तेवढ्या फिक्या निळ्या दिल्यात. पहिल्याच पानावर एका बारक्या मुलाने विचारलं, "ह्या सगळा मीठ काय गो?" कारण तो शिरोड्याची मिठागरं बघून आलेला, पांढरं आणि चमकणारं आणि ढीग म्हणजे त्याच्या लेखी मीठच. मी म्हटलं नाही रे, बर्फ, तर दुसरी म्हणाली बर्फ माशांच्या पेटीत असतो तो, तो असा जमिनीवर नसतो. मग फ्रीजमधला भुसभुशीत बर्फ खरवडून सगळ्यांच्या हातावर ठेवला आणि सांगितलं की हा आभाळातून पडतो आणि घराच्या खिडकीपर्यंत साचतो. त्यानंतर कुणी मीठ म्हटलं नाही.

चित्रकाराने अभ्यास किती केलाय त्याचं एक उदाहरण देते. एमेल्याच्या गोष्टीत तो नदीवरच्या बर्फाला भोक पाडून बादलीने पाणी काढतो आणि बादलीत मासा येतो, तो बोलणारा मासा म्हणजे पाईक, तिकडच्या नदीतला एक मासा. आमच्यात एक मुलगा आहे, त्याचे वडील होडीवर असतात, तो चित्र बघून लगेच म्हणाला की ह्या माशाचा पाठीवरचा पर चुकीच्या जागी काढलाय, इतका मागे शेपटीजवळ कुठे असतो. मलाही तसंच वाटलं. नंतर शोधून बघितलं तर पाईकला पाठीवर तो एकच पर असतो आणि तो खरोखर शेपटीजवळच असतो, तोंडही चित्रातल्यासारखंच लांब, चपटं आणि दातेरी. पुढच्या शनिवारी मी त्या मुलाला फोटो दाखवला तेव्हा त्याने पुस्तक हातात घेऊन तो मासा परत नीट बघितला आणि म्हणाला "बरोबर काढलोहा." मासे ओळखणाऱ्या पोराकडून आलेली ही पावती मला कुठल्याही समीक्षकाच्या मतापेक्षा मोठी वाटते.

सलगमाची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल, आजोबा सलगम लावतो, तो एवढा वाढतो की उपटताच येत नाही, मग आजोबाला आजी धरते, आजीला नात, नातीला कुत्री, कुत्रीला मांजर, आणि शेवटी उंदीर येतो तेव्हा सलगम निघतो. इथे मुलांना सलगम माहीत नाही पण काही अडलं नाही, सुरण आणि कणगर खणून काढताना त्यांनी बघितलेलं आहे. चित्रकाराने काय केलंय, उंदीर गोष्टीत शेवटी येतो पण चित्रात तो पहिल्या पानापासून आहे, कधी कुंपणाखाली, कधी आजीच्या परकरामागे, एकदा तर नुसती शेपटी. मला स्वतःला तो दिसला नव्हता, भाचीने दाखवला, आणि मग सगळी मुलं पानावर पडली उंदीर शोधायला. "ओढतात ओढतात, पण निघता निघत नाही" ही ओळ दर पानावर येते आणि तिसऱ्या पानापासून मी वाचायची गरजच राहिली नाही.

कोलोबोकच्या बाबतीत भाषांतरकाराला पूर्ण मार्क. कोलोबोक म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोल गोळा, पण नाव कोलोबोकच ठेवलंय, त्याचा पाव किंवा लाडू केलेला नाही. आजी पीठ संपलंय म्हणून कोठार झाडते आणि पेटी खरवडते असं मूळ गोष्टीत आहे, तिथे मराठीत "कणगी खरवडली" लिहिलंय. कणगी हा शब्द वाचल्यावर माझी आई आतून म्हणाली, आता कणग्या उरल्या कुठे. तो गोळा खिडकीत निवत ठेवलेला असतो तो घरंगळत पळतो, ससा, लांडगा, अस्वल सगळ्यांना गाणं म्हणून चकवतो आणि कोल्हीण म्हणते मला ऐकू कमी येतं रे, माझ्या नाकावर बसून म्हण, आणि खाऊन टाकते. आपल्या मुलांना "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" पाठ असतं, त्यात म्हातारी वाघाला आणि कोल्ह्याला चकवून निसटते, त्यामुळे कोलोबोकसुद्धा सुटणार असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. खाल्ल्यावर पडवीत एकदम शांत. मग एकजण म्हणाला, भोपळ्यात बसला असता तर वाचला असता. ही शांतता मला फार मोलाची वाटते, मुलं गोष्टीत खरोखर शिरल्याशिवाय ती येत नाही.

आता शब्दांची तक्रार. रशियन घरात चूल म्हणजे खोलीचा मोठा भाग व्यापणारं विटा-मातीचं धूड असतं, त्यात भाकरी भाजतात, सूप शिजवतात, आणि विस्तव विझला तरी विटा तासन् तास गरम राहतात म्हणून थंडीत म्हातारे आणि मुलं तिच्या वर अंथरूण घालून झोपतात. एमेल्या हा आळशी म्हणून दिवसभर त्या चुलीवर लोळत असतो आणि पुढे चुलीवर बसूनच राजाकडे जातो. भाषांतरात लिहिलंय "एमेल्या ओव्हनवर झोपला होता." झालं, पहिला प्रश्न, "ओव्हनार निजलो आणि भाजलो नाय?" ज्या मुलाने ओव्हन बघितलाय तो शहरातल्या आत्याच्या घरचा, टेबलावरचा, त्यावर मांजरसुद्धा झोपणार नाही. चित्रात मात्र चूल अगदी हुबेहूब आहे, पांढरी सारवलेली, वर गोधडी, बाजूला लाकडी चमचे टांगलेले. मी दुसऱ्यांदा वाचताना सरळ "मोठी मातीची चूल" म्हटलं आणि प्रश्न संपला. मराठीत चूल हा इतका भरभक्कम शब्द असताना तो सोडून ओव्हन का घ्यावासा वाटला मला कळलं नाही. असंच दोन ठिकाणी "केक" आलाय जिथे साधी भाकरी किंवा पुरी चालली असती. बाकी "पाईकच्या हुकमाने, माझ्या मर्जीने" हा मंत्र झकास जमलाय, आमच्याकडे सध्या दप्तराला, चपलांना आणि न्हाणीघरातल्या बादलीला हाच हुकूम सुटतोय.

बेडूक राजकन्येची गोष्ट थोडी लांबली आहे, लहान मुलं मध्ये कंटाळली, तिघा भावांचे बाण आणि राजवाड्यातल्या परीक्षा यात पानं जास्त गेली. पण तिच्यात एक जोडपान आहे ते बघाच. कोश्चेई नावाच्या दुष्टाचा मृत्यू सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी ओकच्या झाडावर. हे सगळं चित्रकाराने एकातएक बाहुल्यांसारखं उघडून दाखवलंय, डावीकडे मोठं झाड आणि उजवीकडे जाता जाता लहान होत शेवटी टाचणीएवढी सुई. आपल्याकडे राक्षसाचा जीव सात समुद्रापलीकडच्या पोपटात असतो, ते मुलांना आधीच माहीत, त्यामुळे समजावून सांगायला काही लागलं नाही. उलट एकीने विचारलं, पोपटाच्या आत काय असतं मग? मला उत्तर आलं नाही.

आणि आता वासिलिसा. या गोष्टीसाठी मी पुस्तक घेतलं आणि याच गोष्टीत मला सगळ्यात जास्त आनंद झाला आणि सगळ्यात जास्त वाईटही वाटलं.

आई मरताना वासिलिसाला एक बाहुली देते, सांगते हिला थोडं खायला घाल आणि तुझं दुःख सांग, ती मदत करेल. पुढे सावत्र आई, सावत्र बहिणी, आणि एका रात्री घरातला विस्तव विझतो तेव्हा हिला जंगलात बाबा यागाकडे विस्तव आणायला पाठवतात. इथे माझी आई, जी इतका वेळ आत माजघरात होती, ती बाहेर येऊन बसली. तिच्या लहानपणी काडेपेटी जपून वापरायचे, सकाळी चुलीत निखारा राहिला नसेल तर करवंटीतून शेजारून विस्तव आणायचा, आणि तिन्हीसांजेनंतर मागायला गेलं तर शेजारीण देत नसे. "आणि हेणी रात्री धाडल्यानी?" ती म्हणाली. सावत्र आई किती वाईट आहे ते मुलांना माझ्या वाचण्यातून नाही, आईच्या त्या एका प्रश्नातून कळलं.

बाबा यागा चित्रात खरी भीतिदायक आहे. हाडकुळी, नाक छताला लागलेलं, उखळात बसून येते, मुसळाने हाकते आणि केरसुणीने मागचा माग पुसत जाते. आमच्या जुन्या घराच्या जमिनीत अजून वायन आहे, भात कांडायचं, त्यामुळे उखळ-मुसळ म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक, फक्त ते उडतं हे नवीन. घराला कोंबडीचे पाय, कुंपण माणसांच्या हाडांचं, त्यावर कवट्या आणि रात्र झाली की कवट्यांचे डोळे पेटतात. "हेका पाय कोंबडीचे कित्याक?" असं विचारून झाल्यावर "झोपडी झोपडी, जंगलाकडे पाठ कर, माझ्याकडे तोंड कर" हे सगळ्यांनी मिळून तीनदा म्हटलं. कुणी रडलं नाही. ज्या मुलांनी जत्रेत पहाटेपर्यंत दशावतार बघितलाय, रंगमंचावरचा राक्षस दोन हातांवरून बघितलाय, त्यांना कवटी बघून काही होत नाही. वाटेत वासिलिसाला तीन घोडेस्वार भेटतात, पांढरा म्हणजे दिवस उजाडतो, लाल म्हणजे सूर्य उगवतो, काळा म्हणजे रात्र पडते, हे तीन स्वार काढलेलं पान मला फ्रेम करून लावावंसं वाटतं. बाबा यागा तिला मातीतून खसखस निवडायला लावते ते चित्रसुद्धा, मूठभर काळे-पांढरे ठिपके आणि त्यात वाकलेली इवलीशी बाहुली.

आणि मग शेवट. जुन्या गोष्टीत वासिलिसा पेटत्या डोळ्यांची कवटी काठीवर घेऊन घरी येते आणि ते डोळे सावत्र आईवर आणि तिच्या मुलींवर खिळतात, त्या जिथे जिथे लपतील तिथे तिथे पाठलाग करतात, सकाळपर्यंत तिघींचा कोळसा होतो. रशियन लोककथा गोळा करणाऱ्या अफानास्येवने १८५५ ते १८६३ या काळात आठ भागांत ज्या जवळजवळ सहाशे कथा छापल्या त्यात ही अशीच आहे. या पुस्तकात लिहिलंय, "सावत्र आईला आपली चूक समजली आणि ती मुलींना घेऊन दूर निघून गेली." ठीक आहे, मुलांचं पुस्तक म्हणून केलं असेल. पण त्याच पानावर चित्र बघा! लाल-पिवळा उजेड, भिंतीवर तीन वाकड्या सावल्या, कोपऱ्यात धूर, आणि वासिलिसाने डोळ्यांवर हात धरलेला. मी वाचत होते आणि भाची चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "आत्या, ह्यात त्या जळतायत, आणि तू वाचतेस गेल्या म्हणून." मी पुस्तक खाली ठेवलं आणि खरा शेवट सांगितला. सगळ्यांनी ऐकून घेतला आणि एकाने विचारलं की वासिलिसाला चटका बसला का. नाही म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

मला मनापासून वाटतं की इथे शब्दांनी चित्रकाराला एकटं पाडलं. आमच्या इथून जवळच कुडाळजवळ पिंगुळीत चित्रकथी आहेत, चित्र समोर धरायचं आणि गाऊन गोष्ट सांगायची, एक संपलं की पुढचं. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला त्यासाठी पद्मश्री मिळाली. त्यात चित्रात राम बाण सोडतोय आणि सांगणारा म्हणतोय की तो घरी बसलाय असं होऊच शकत नाही, समोरची माणसं लगेच विचारतील. मुलंही तशीच विचारतात. शेवट सौम्य करायचाच होता तर चित्र बदलायचं, नाहीतर ती गोष्ट दहा वर्षांवरच्यांसाठी ठेवायची. दोन्ही चाललं असतं. पण चित्र एक सांगणार आणि ओळ दुसरं सांगणार हे वाचून दाखवणाऱ्याला फार अवघड करतं.

कागदाबद्दल कोकणातल्या लोकांसाठी मुद्दाम लिहिते. आतला कागद गुळगुळीत आर्ट पेपर आहे, रंग त्यावर सुंदर उठलेत, काळा आणि लाल आणि सोनेरी तर सावंतवाडीच्या लाखकामाची आठवण व्हावी इतके चमकदार. पण असा कागद दमटपणात एकमेकांना चिकटतो. पार्सल आलं तेव्हा एका कोपऱ्याला ओल लागलेली होती आणि दोन पानं सोडवताना कोलोबोकच्या कोल्हिणीचं शेपूट थोडं निघालं. शिवाय पानं शिवलेली नाहीत, नुसती डिंकाने चिकटवलेली, तिसऱ्या शनिवारी मधलं एक जोडपान सुटलं. वडिलांनी आणलेलं एक जुनं मॉस्कोचं पुस्तक माझ्याकडे आहे, खरखरीत कागद, दोऱ्याने शिवलेलं, चाळीस पावसाळे काढलेत त्याने, पिवळं पडलंय पण एक पान सुटलेलं नाही. ४५० रुपयांत शिवण बसवता आली असती असं मला वाटतं, पन्नास रुपये जास्त घेतले असते तरी मी दिले असते. तुम्ही घेतलंत तर पावसाळ्यात कपाटात उभं दाबून ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात वेखंडाचा तुकडा टाकून आडवं ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी पानं वाऱ्यावर सुटी करा, थेट उन्हात नको, रंग जातो.

वय म्हणाल तर सलगम आणि कोलोबोक चार-पाच वर्षांपासून चालतील, बाकीच्या सात वर्षांपुढे, आणि मुलांच्या हातात एकट्याने देण्याआधी एकदा मोठ्याने वाचून दाखवा, चित्रं वाचणाऱ्याच्या मांडीवर न ठेवता मुलांकडे तोंड करून धरा.

सुटलेलं जोडपान मी सुई-दोऱ्याने शिवून घेतलंय. वासिलिसाच्या शेवटच्या पानावर, चौकटीच्या खाली जी मोकळी पट्टी आहे तिथे पेन्सिलीने तीन ओळींत कवटीचं काय झालं ते लिहून ठेवलंय, आणि एमेल्याच्या पानावर ओव्हन खोडून चूल केलंय. भाचीने तिच्या चिंध्यांच्या बाहुलीला काल सकाळी घावण्याचा पहिला तुकडा दिला आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं, काय ते मला सांगितलेलं नाही.